टिल्लू सॉफ्टवेअर आणि इतर चार

कंपनीला गिऱ्हाईक नव्हतं, ही अडचण दुसऱ्या क्रमांकाची होती. पहिली अडचण अशी, की कंपनीला नाव नव्हतं. नाव नाही म्हणून बँकेत खातं नाही, दारावर पाटी नाही, खिशात कार्ड नाही. कुणी "सध्या काय करता?" असं विचारलं की प्रोग्रामर घसा खाकरून "स्वतःचंच आहे" एवढंच म्हणायचा, आणि समोरचा सहानुभूतीनं मान हलवायचा. नोकरी गेलेली माणसं असंच बोलतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

वास्तविक नोकरी गेली नव्हती. त्यानं ती सोडली होती. जुन्या कचेरीत त्याची खुर्ची नेमकी एसीच्या झोताखाली होती आणि शेजारचे गृहस्थ दिवसभर पेनाचं टोपण उघडायचे आणि लावायचे. स्वतःचं काहीतरी करायचं म्हणून त्यानं राजीनामा दिला, तेव्हा साहेबांनी तो हसत हसत घेतला. "महिनाअखेरपर्यंत खुर्ची रिकामी ठेवतो," ते म्हणाले. "जमलं नाही तर परत ये, लाजू नकोस." तेव्हापासून दर सोमवारी त्यांचा फोन यायचा. "काय रे, झालं का बारसं?" ते विचारायचे, आणि मागे टोपणाचा आवाज स्पष्ट ऐकू यायचा. तो ऐकला की प्रोग्रामरच्या मानेवर गार वारा आल्यासारखा काटा यायचा.

"नावाशी एवढं काय अडलंय?" बायकोनं एका सकाळी डबा भरता भरता विचारलं. ती औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती आणि दिवसभर डॉक्टरांची अक्षरं वाचून तिला कुठल्याही गोष्टीचा अर्थ झटक्यात लावायची सवय झाली होती.

"नाव एकदाच ठेवता येतं. चुकलं तर जन्मभर निस्तरायचं."

"लग्नही एकदाच केलंस. ते तर चहाचा कप संपायच्या आत ठरवलंस."

"म्हणूनच या वेळी नीट तपासून घेतोय," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो हे कळल्यावर पुढची पाच मिनिटं टोस्टरमध्ये डोकं घालून बसला.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्या ताईचं मत पहिल्या दिवसापासून ठाम होतं. "टिल्लू सॉफ्टवेअर ठेव. लोकांच्या लक्षात राहील." टिल्लू हे त्याचं घरचं नाव. लहानपणी तो वर्गात सगळ्यांत बुटका होता म्हणून ते पडलं. पुढे तो दाराच्या चौकटीला डोकं आपटण्याइतका वाढला, पण नाव काही वाढलं नाही.

"ताई, लोक हसतील."

"हसले म्हणजे लक्षात राहिलं ना? तुझ्या त्या क्वांटिव्होला कोण हसणार? लोकांना वाटेल पोटदुखीचं औषध आहे."

"आहे की त्या नावासारखं एक," बायको म्हणाली. "पोटदुखीचं नाही, खाजेचं."

क्वांटिव्हो हे त्याचं लाडकं नाव होतं. त्याचा अर्थ काहीच नव्हता, आणि त्याच्या मते तोच त्याचा मोठेपणा होता. तरी रात्री ते आवडायचं आणि सकाळी त्याची लाज वाटायची. सूत्रबिंदू, सिल्व्हर ब्रॅकेट, तंत्रवेल यांचंही तसंच. शेवटी त्यानं ठरवलं, की हा प्रश्न आपल्या धंद्याच्या रीतीनं सोडवायचा. प्रोग्रामर लोकांना बटण लाल हवं की हिरवं हे ठरवता आलं नाही, तर ते वाद घालत नाहीत. निम्म्या लोकांना लाल दाखवतात, निम्म्यांना हिरवं, आणि कोणतं जास्त दाबलं जातं ते बघतात. नावांचंही तसंच करायचं. पाच गिऱ्हाइकांना पाच नावांनी कोटेशन पाठवायचं. ज्या नावाला उत्तर येईल ते आपलं.

"पण चांगली नावं चारच आहेत तुझ्याकडे," बायको म्हणाली.

"पाचवं टिल्लू. तुलनेला एक वाईट नमुना लागतो. तुम्ही नाही का, औषधाच्या चाचणीत निम्म्या लोकांना साखरेची गोळी देता?"

"साखरेच्या गोळीनंही पुष्कळ लोक बरे होतात," ती म्हणाली आणि कामाला गेली.

गिऱ्हाइकं कोण, हे मात्र पक्कं होतं. मागे एका चष्म्याच्या दुकानानं त्याला दुसऱ्याच कुणाचा चष्मा दिला होता, आणि आठवडाभर तो डोकेदुखीला स्वतःचा कोड जबाबदार धरत होता. तेव्हापासून त्यानं चष्म्याच्या दुकानांसाठी एक प्रोग्रॅम लिहायला घेतला होता: कुणाचा नंबर किती, चष्मा कधी तयार, कुणाला कळवलं, पावती. बाजाराच्या रस्त्यावर चष्म्याची पाच दुकानं होती, काही या बाजूला, काही समोर. एकाच्या पाटीवर "खात्रीचे एकमेव", दुसऱ्याच्या पाटीवर "फसवणुकीपासून सावध राहा". आणि पाचांच्याही पाट्यांच्या तळाशी एक ओळ ठळक अक्षरांत होती: आमची इतरत्र कुठेही शाखा नाही. एकमेकांवर इतके खार खाऊन असलेले लोक एकमेकांची कोटेशनं कशाला बघतील? चाचणीसाठी याहून सुरक्षित माणसं मिळाली नसती.

त्यानं पाच कोटेशनं लिहिली. प्रत्येकाचा टाइप वेगळा, सूर वेगळा, ईमेलचा पत्ता वेगळा. सूत्रबिंदूचं पत्र नम्र होतं, सिल्व्हर ब्रॅकेटचं इतकं रुबाबदार होतं की स्वतः लिहूनही त्याला दडपण आलं. टिल्लू सॉफ्टवेअरच्या पत्रावर त्यानं मेहनतच घेतली नाही. "मी एक प्रोग्रॅम केला आहे. त्यामुळे चष्म्यांची अदलाबदल होणार नाही. बघायला यावं का?" एवढंच, आणि खाली पाचांनाही जोडला होता तोच पावतीचा नमुना.

शुक्रवारी दुपारी पहिलं उत्तर आलं. सूत्रबिंदूला. पाठोपाठ तंत्रवेलला. मग क्वांटिव्होला, आणि बायको घरी येईपर्यंत पाचांनाही.

"पाचपैकी पाच!" तो दारातच ओरडला. "शंभर टक्के!"

"म्हणजे चाचणीतून काहीच कळलं नाही," बायको चपला काढत म्हणाली. तिनं त्याच्या खांद्यावरून संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. डॉक्टरांची अक्षरं वाचायची सवय इथं कामी आली. "सगळ्यांनी मंगळवारी अकराला बोलावलंय तुला."

"योगायोग."

"आणि पाचही जणांनी एकाच खोलीत बोलावलंय. पत्ता वाच."

त्यानं वाचला. 'नवी नजर' या दुकानाच्या वरचा मजला. दुसरं पत्र उघडलं, तोच मजला. पाचवं उघडलं, तरी तोच. प्रत्येक पत्राखाली एकच सही होती: संचालिका.

"पाचही दुकानं एकाच बाईंची आहेत," बायको म्हणाली.

"पण शाखा नाही म्हणून लिहिलंय ना पाटीवर!"

"पाटीवर माणूस वाटेल ते लिहितो. तू नाही का सिल्व्हर ब्रॅकेटच्या पत्रात ‘आमची तज्ज्ञांची तुकडी’ लिहिलंस? ती तुकडी आत्ता बनियनवर बसलीय."

ताईला खाली बोलावण्यात आलं. ताईनं सुचवलं, की पाच माणसं न्यावीत. तिचे यजमान सिल्व्हर ब्रॅकेट होतील, त्यांच्याकडे कोट आहे. बायकोनं हे मोडीत काढलं. ताईच्या यजमानांना खोटं बोलताना शिंका येतात, आणि एकदा आल्या की थांबत नाहीत. मग एकच मार्ग उरला. चार कंपन्यांनी माघार घ्यायची आणि एकीनं जायचं. आता तर नाव ठरवल्यावाचून गत्यंतर नव्हतं. प्रोग्रामरनं डोळे मिटले, एक दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाला, "क्वांटिव्हो."

"बघ हं," बायको म्हणाली.

"ठरलं."

चार माघारीची पत्रं हातानं पाठवायला पाच मिनिटं लागली असती. पण तेच काम चार वेळा करणं प्रोग्रामरच्या रक्तात नव्हतं. त्यानं अर्धा तास खर्चून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. पाच कंपन्या ओळीनं मांडल्या: सूत्रबिंदू, सिल्व्हर ब्रॅकेट, क्वांटिव्हो, टिल्लू, तंत्रवेल. माघारीची चार कारणं ओळीनं मांडली, म्हणजे प्रत्येकीला आपापलं मिळेल. सूत्रबिंदूच्या मालकांना परदेशी जायचं होतं. सिल्व्हर ब्रॅकेटकडे कामाचा फार बोजा होता. टिल्लूचं कारण लिहिताना त्याचा हात जरा सैल सुटला. आयुष्यभराचा राग होता. त्यानं टिल्लू सॉफ्टवेअरच्या संस्थापकाचं आकस्मिक निधन घडवून आणलं. तंत्रवेलच्या भागीदारांचं आपसांत बिनसलं. शेवटी यंत्राला सांगितलं, तीन नंबर सोडून बाकीच्यांची पत्रं पाठव. आणि बटण दाबलं.

यंत्र मोजायला शून्यापासून सुरुवात करतं, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असतं. त्यालाही माहीत होतं. फक्त घाईत ते आठवलं नाही. यंत्राच्या हिशेबात शून्य नंबर सूत्रबिंदू, एक सिल्व्हर ब्रॅकेट, दोन क्वांटिव्हो, आणि तीन नंबर टिल्लू. यंत्रानं टिल्लूला सोडलं आणि कारणं ओळीनं वाटत गेलं.

सोमवारी सकाळी क्वांटिव्होच्या पत्त्यावर उत्तर आलं. बायकोनं ते उभ्यानं वाचलं आणि मग खुर्ची ओढून बसली.

"काय म्हणतायत?"

"‘आपल्या संस्थापकांच्या निधनाची वार्ता वाचून अतिशय धक्का बसला. त्यांचं कोटेशन आम्हाला मनापासून आवडलं होतं.’" तिनं वर पाहिलं. "तू गेलास."

त्यानं प्रोग्रॅम उघडला, ती ओळ पाहिली, आणि कपाळावर हात मारला तो इतक्या जोरात, की वरून ताईनं विचारलं, "काय पडलं रे?"

"चार पत्रं हातानं पाठवता येत नव्हती?" बायकोनं विचारलं. तेवढ्यात फोन वाजला. सोमवार होता. साहेब म्हणाले, "काय रे, झालं का बारसं?" टोपण उघडलं, लागलं. "उद्या महिनाअखेर. परवा एक मुलगा येतोय त्या खुर्चीसाठी. तुझं काय ते उद्या सांग."

जिवंत राहिली होती ती एकच कंपनी, आणि ती साखरेची गोळी होती.

मंगळवारी तो जिना चढला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. वरच्या मजल्याच्या दारावर पाटी नव्हती, नुसत्या खिळ्यांची चार भोकं होती. आत लांब टेबल, टेबलाला पाच खुर्च्या, प्रत्येकीसमोर पाण्याचा पेला आणि कंपनीच्या नावाचं कार्ड. क्वांटिव्होचं कार्ड आदरानं उपडं घातलेलं होतं. टेबलाच्या टोकाला एक वयस्कर बाई बसल्या होत्या. गळ्यात एक चष्मा, डोक्यावर एक आणि नाकावर तिसरा.

"या. टिल्लू म्हणजे तुम्हीच?"

"घरी म्हणतात तसं."

"बसा. बाकीचे चौघं येत नाहीत. एक परदेशी चाललेत, एकांना कामातून सवड नाही, एकांचं भागीदारांशी बिनसलं. आणि हे..." त्यांनी उपड्या कार्डाकडे पाहून आवाज उतरवला. "हे बिचारे गेलेच."

"हो. कानावर आलं."

"ओळख होती?"

"तशी... जवळची. एकाच लाइनीतले आम्ही."

"वय काय हो?"

"माझ्याएवढंच."

"अरेरे. कशानं गेले?"

प्रोग्रामर रात्रभर झोपला नव्हता. त्याच्या तोंडून खरं तेच निघालं. "मोजण्यात चूक झाली."

"रक्तदाब?"

"तसंच काहीसं."

"मागे कोण आहे?"

"बायको."

"कशी आहे ती?"

"सावरलीय."

"इतक्या लवकर?"

"ती... औषधांच्या दुकानात असते," तो म्हणाला आणि समोरचा पेला एका दमात संपवला. मग शेजारचा, सूत्रबिंदूचाही.

बाईंनी एक एक करत पाच कोटेशनं टेबलावर मांडली आणि नाकावरचा चष्मा बदलून गळ्यातला लावला. "आमच्या धंद्यात एक रीत आहे. नंबर लिहिताना उजवा डोळा आधी, डावा नंतर. आख्ख्या धंद्यात. का, ते मलाही माहीत नाही, पण कुणी उलट लिहीत नाही." त्यांनी पाचही कागदांवर बोट ठेवत नेलं. "तुमच्या कोटेशनात पावतीचा नमुना आहे. त्यात डावा डोळा आधी. सूत्रबिंदूच्या नमुन्यातही डावा आधी. ब्रॅकेटवाल्यांच्याही. या गेलेल्या माणसाच्याही. पाच कंपन्या, आणि पाचांनाही डाव्यापासूनच सुरुवात करावीशी वाटली?"

खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानदाराशी घासाघीस करत होतं. प्रोग्रामरला गार वाऱ्याचा झोत जाणवला. एसी बंद होता.

"मी मुद्दाम सगळ्यांना एकाच वेळी बोलावलं," बाई म्हणाल्या. "म्हटलं, बघू तरी, पाच माणसं येतात की एक."

मग त्यानं सगळं सांगितलं. खुर्ची, टोपण, लाल बटण, हिरवं बटण, ताई, शून्य. सांगताना मध्येच त्याला वाटलं, की हे ऐकून कुणीही शहाणा माणूस आपल्याला दाराबाहेर काढेल, म्हणून तो भराभर बोलू लागला. संपलं तेव्हा तो उठूनच उभा राहिला होता.

"बसा हो," बाई म्हणाल्या. "मी तुम्हाला कुठल्या तोंडानं बोलू? खाली पाच पाट्या कुणाच्या आहेत? गिऱ्हाईक एका दुकानात घासाघीस करतं, जमलं नाही की तावातावानं उठतं आणि मुद्दाम समोरच्या दुकानात जाऊन चष्मा घेतं. समोरचं दुकान माझं नसेल, तर त्याच्या रागाचा मला काय उपयोग?"

"म्हणजे... काम मिळेल?"

"प्रोग्रॅम चांगला वाटतोय. उजवा डोळा आधी करा. पाचही दुकानांत लावू." त्याच्या चेहऱ्यावर रंग येऊ लागला, तशी त्यांनी बोट उचललं. "पण एक अडचण आहे. पावतीच्या तळाशी तुमच्या कंपनीचं नाव येतं ना? पाचही दुकानांच्या पावतीवर टिल्लू सॉफ्टवेअर दिसलं, तर गिऱ्हाईक काय खुळं आहे? एका दिवसात बोभाटा होईल. प्रत्येक दुकानाला वेगळी कंपनी हवी."

"पण बाकीच्या चार मी बंद केल्या!"

"सुरू करा. परदेशी जाणारे बेत बदलतात. बोजा हलका होतो. भागीदारांची समजूत पटते." त्या उपड्या कार्डापाशी थांबल्या आणि जरा विचारात पडल्या. "यांचं कठीण आहे. यांना धाकटा भाऊ आहे का?"

"नाही."

"आता आहे," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी क्वांटिव्होचं कार्ड सुलट केलं.

खिशात फोन वाजला. साहेब होते. त्यानं बाईंची परवानगी मागून फोन घेतला.

"काय रे, ठरलं का नाव?"

"ठरलं, साहेब. पाच ठरली."

"पाच म्हणजे ठरलं नाही!" टोपण लागलं. "मग येतोस ना उद्या?"

"त्या मुलाला द्या खुर्ची," प्रोग्रामर म्हणाला. "त्याला सांगा, स्वेटर आण."

फोन खिशात टाकून तो उठला. निरोप घेताना त्याची नजर पुन्हा उघड्या दाराकडे, त्या चार भोकांकडे गेली. जीव भांड्यात पडलेला माणूस जरा सैल बोलतो. "पाच दुकानांना पाच पाट्या," तो म्हणाला. "मग या कचेरीला एकही कशी नाही?"

बाईंनी नाकावरचा चष्मा काढला. मग डोक्यावरचाही. तिन्ही चष्म्यांवाचून त्या एकदम दमलेल्या दिसल्या.

"लावली होती," त्या म्हणाल्या. "आठवड्याभरात उतरवली. नाव पटलं नाही." त्यांनी जिन्याकडे एक नजर टाकली आणि खुर्ची त्याच्या बाजूला सरकवली. "खरं सांगू का, कितीतरी वर्षं विचार करतेय. रात्री एखादं आवडतं, सकाळी त्याची लाज वाटते. ती तुमची चाचणी म्हणता, ती नेमकी कशी करतात?"